सुरुंग निघाल्यावर जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूसुरुंग हा शब्द महाराष्ट्रात ऐकू येतो तो बहुधा गडचिरोलीच्या बातम्यांतून. दबा धरून बसलेल्या माणसाने पोलिसांची गाडी टप्प्यात येताच उडवलेला स्फोट, असे त्याचे चित्र आपल्या मनात असते. कंबोडियातील शेतकऱ्याची गाठ ज्या सुरुंगाशी पडली तो निराळा आहे. तो उडवण्यासाठी कोणी बसलेले नसते. जो त्यावर पाय देईल तोच त्याला उडवतो, आणि पाय सैनिकाचा की गुराख्याचा, हा भेद तिथे नाही. लहान मुलाच्या पावलाचा भारही त्याला पुरतो.

हे सुरुंग पेरले कोणी, याचे उत्तर समाजवादी कार्यकर्त्याने डोळे झाकून देऊ नये. १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामच्या फौजांनी पोल पॉटची राजवट उलथवली. ख्मेर रूजचे उरलेले सैन्य थायलंडच्या सरहद्दीवर सरकले. त्याला चीनने शस्त्रे पुरवली. त्याच्या जोडीला लढणाऱ्या बिगर-साम्यवादी गटांच्या लोकांना ब्रिटनने लष्करी शिक्षण दिले, आणि ही गोष्ट तेथील सरकारला १९९१ मध्ये पार्लमेंटात मान्य करावी लागली. एवढे आपण नेहमी सांगतो. पण नॉम पेन्हचे सरकारही स्वतःला समाजवादीच म्हणवीत होते आणि त्याच्या पाठीशी हनोई व मॉस्को उभे होते. त्याच सरकारने १९८० च्या दशकाच्या मध्याला ‘के-५’ नावाची योजना आखून सरहद्दीलगत शेकडो किलोमीटरचा सुरुंगांचा पट्टा तयार केला. त्यासाठी खेड्यापाड्यांतून शेतकरी वेठीला धरून नेले गेले. त्यांतले कित्येक जण हिवतापाने, कित्येक जण स्वतः पेरलेल्या सुरुंगांनीच मेले. रशियन बनावटीचा सुरुंग आणि चिनी बनावटीचा सुरुंग आज एकाच बांधावर सापडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांच्या विचारसरणीत काही फरक नाही.

आता याचा हिशेब पाहू. १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघाने जो अंदाज दिला, त्याप्रमाणे एक सुरुंग तयार करायला ३ ते ३० डॉलर लागत आणि तोच काढायला ३०० ते १,००० डॉलर. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकाच्या व्यवहाराचा बोजा तिऱ्हाइतावर कसा पडतो याचे उदाहरण म्हणून गिरणीच्या धुराड्याचा धूर दाखवतात. त्याहून चोख उदाहरण हे आहे. ज्या राज्यांनी सुरुंग विकले वा दिले त्यांच्या अंदाजपत्रकात तीन डॉलर पडले. उरलेली रक्कम कंबोडियाच्या शेतकऱ्याने पायाने फेडली. १९७९ पासून तिथे सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा यांनी सुमारे ६५,००० माणसे मेली वा जखमी झाली. १९९६ या एका वर्षात ती संख्या ४,३२० होती. २०१८ साली ती ५८ वर आली. हे थोर काम आहे, आणि ते तसे म्हटलेच पाहिजे.

पण या उताराच्या आलेखात एक प्रश्न दिसत नाही, आणि आजच्या विवेचनाचा रोख त्यावरच आहे. पॅरिस करार १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. त्यानंतर दीड वर्षात साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित थायलंडच्या छावण्यांतून परत आले. त्यांना प्रथम आश्वासन होते कुटुंबामागे दोन हेक्टर जमिनीचे. प्रत्यक्षात सुरुंग नसलेली मोकळी जमीन तेवढी नव्हतीच. मग मोठ्या माणसाला ५० डॉलर आणि मुलाला २५ डॉलर रोख, असा पर्याय पुढे आला व बहुसंख्यांनी तोच स्वीकारला. पन्नास डॉलर किती दिवस पुरणार? ते संपल्यावर ही माणसे मालक नसलेल्या जमिनीच्या शोधात निघाली, आणि पश्चिमेकडच्या बट्टम्बांग, पैलिन, बांते मियांचे या प्रांतांत मालक नसलेली जमीन म्हणजे सुरुंगांची जमीन.

धोक्याचे शिक्षण म्हणून जे दिले जाते ते इथे तोकडे पडते. लाल पाटीवर कवटी रंगवतात, शाळेत मुलांना चित्रे दाखवतात, गावात नाटुकली करतात, आडवी टाकलेली फांदी किंवा गवताची बांधलेली गाठ ही खूण समजून घ्या असे सांगतात. हे सगळे आवश्यक आहे. मुलांच्या बाबतीत तर त्याला पर्यायच नाही, कारण मूल दारूगोळ्याशी खेळते ते अज्ञानापोटी. पण कर्ता शेतकरी आत जातो तो धोका पुरता ठाऊक असून. त्याला सरपण हवे असते, बांबूचे कोंब हवे असतात, भंगारवाल्याकडे विकायला लोखंड हवे असते. कित्येकांनी कुदळ आणि काठी घेऊन स्वतःच शेत साफ केले आणि त्यात भात लावला. अशा माणसाला पाटी वाचून दाखवणे म्हणजे उपाशी माणसाला अपचनाचे धोके समजावणे होय. पुढे तेथील सुरुंग निवारण केंद्राने गावकऱ्यांनाच हाताशी धरून धोका कमी करण्याचा कार्यक्रम आखला. त्यात पाणी, रस्ता, उपजीविका या गोष्टी आल्या, तेव्हा या शिक्षणाला खरा अर्थ आला.

सुरुंग काढण्याचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगितले तरी पुरे. मीटरभर रुंदीची पट्टी आखायची, गुडघ्यावर बसून धातुशोधक फिरवायचा, आवाज आला की जमीन बाजूने तिरपी खरवडत जायचे. आवाज बहुतेक वेळा खिळ्याचा वा डब्याच्या झाकणाचा निघतो. अलीकडे टांझानियात शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीरही या कामाला लावले आहेत. ते दारूचा वास ओळखतात आणि वजनाने इतके हलके की सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराला २०२० साली ब्रिटनमध्ये सुवर्णपदक मिळाले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे छायाचित्र छापले. ज्या स्त्री-पुरुषांनी वर्षानुवर्षे गुडघ्यावर बसून हे काम केले त्यांची छायाचित्रे क्वचितच छापली गेली.

जमीन साफ झाली म्हणजे काय होते? तिची किंमत वाढते. सुरुंग होते तोवर तिकडे सावकार फिरकत नव्हता, लष्करी अधिकारी फिरकत नव्हता. साफ झालेल्या जमिनीवर मात्र १९९० च्या दशकात वजनदारांनी दावे सांगितले, आणि जीव धोक्यात घालून ती कसणारा बाहेर पडला. त्याच्याजवळ कागद नव्हता. कंबोडियात कागद कोणाजवळच धड नव्हता, कारण ख्मेर रूजने खाजगी मालकी नष्ट केली ती दफ्तरांसकट, आणि ती परत मान्य झाली १९८९ मध्ये. २००१ च्या जमीन कायद्याने पाच वर्षांच्या शांततामय कब्जाला मालकीचा आधार दिला, पण कायदा झाल्यानंतर सुरू झालेला कब्जा त्यात धरला नाही. म्हणजे उशिरा आलेला भूमिहीन पुन्हा उपराच. दुसऱ्या बाजूला त्याच कायद्याने कंपन्यांना १०,००० हेक्टरपर्यंत जमीन दीर्घ मुदतीने देण्याची सोय ठेवली. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची लढाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अधिक उलगडून सांगण्याचे कारण नाही.

यावर एक उपाय १९९९ च्या सुमारास याच प्रांतांत निघाला आणि तो कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. सुरुंग काढण्याआधीच गावाची सभा भरवायची. कोणते शेत, कोणती विहीर, कोणती वाट आधी साफ करायची हे गावाने ठरवायचे, आणि साफ झालेला तुकडा कोणाकडे जाणार त्यांची नावे तिथेच लिहून घ्यायची. ती यादी जिल्हा व प्रांत पातळीवर मंजूर झाल्यावरच यंत्रे गावात यायची. म्हणजे वाटपाचा निर्णय जमीन स्वस्त असतानाच होतो. ती महाग झाल्यावर तो कोणाच्या बाजूने होतो हे आपण जाणतो. ही पद्धत निर्दोष नाही. गावच्या सभेतही गावच्या पुढाऱ्याचे वजन असतेच, आणि यादीतले नाव म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. तरीही सुरुंग निवारणाला तंत्रज्ञांच्या हातून काढून जमीन-प्रश्नाच्या शेजारी बसवण्याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

भारत या प्रश्नापासून दूर आहे असे कोणी समजू नये. डिसेंबर २००१ नंतरच्या ‘पराक्रम’ मोहिमेत पंजाब, राजस्थान व जम्मूच्या सरहद्दीवर पिकाऊ जमिनींत सुरुंग पेरले गेले आणि तेथील शेतकऱ्यांना आपल्याच शेतांबाहेर राहावे लागले. सुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारावर १६० हून अधिक देश आले. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका हे त्यात नाहीत. लांब सरहद्दीचे कारण दिल्ली पुढे करते. ते कारण सरसकट खोटे नाही, पण सरहद्दीवरचा शेतकरी त्याची किंमत किती देतो याचा हिशेब संसदेत कधी नीट मांडला गेलेला नाही. तो मागणे हे विरोधी पक्षाचे काम आहे. २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने इस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड व पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याच्या नोटिसा दिल्या, तेव्हा आपल्याकडच्या लांब सरहद्दीच्या युक्तिवादाला आयतेच बळ मिळाले.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि कंबोडियातील सुरुंग काढण्याचे काही काम थांबवावे लागले. चीनने लगेच पैसा देऊ केला. ज्यांचे सुरुंग तिथे पुरलेले आहेत त्यांच्यातल्याच एकाने हात आखडला आणि दुसऱ्याने तो पुढे केला. जुलैच्या अखेरीस थायलंड व कंबोडिया यांच्यात पाच दिवस तोफा चालल्या. आपले सैनिक नव्या सुरुंगांवर जखमी झाले असा आरोप थायलंडने केला, कंबोडियाने तो नाकारला. डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई झाली. दोन्ही बाजूंची लाखो माणसे घरे सोडून गेली, आणि त्यांत कागद नसलेल्या, कब्जाच्या जोरावर शेत कसणाऱ्या कुटुंबांचा वाटा असणारच. गाव सोडावे लागलेल्या माणसाने आपला कब्जा अखंड होता हे परतल्यावर कोणासमोर आणि कसे सिद्ध करायचे, हा त्या कुटुंबांपुढचा आजचा प्रश्न आहे.