वाटाण्याचे रोप आणि कॅमेरा



परवा झरीतलेच एक पालक मला म्हणाले, "सर, पोरगं दिवसभर मोबाईलवर फोटो काढतंय. यात शिकायचं काय?" तुम्हालाही तसेच वाटत असेल, म्हणून ही हकीकत सांगतो.

दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेव्हा वय एक्केचाळीस. फोटोग्राफी येतच होती, गोध्र्याला स्टुडिओही चालविला होता. तरी विम्यावर कर्ज काढून हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला! 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी या नादापासून परावृत्त केले. मग त्यांनीच हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत नेले. तेथे चित्रपटाची सारी कामे डोळ्यांनी पाहायला मिळाली.

परतल्यावर त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत रोप वाढताना दाखविले. ती छोटीशी फीत पाहून भांडवल मिळाले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला.

लंडनची ऐपत आपल्यापैकी किती जणांची, हे मी जाणतो. कुंडीला मात्र खर्च नाही. त्या मुलाला मी हरभरा पेरायला लावला आहे. रोज सकाळी एक फोटो. आज अकरावा दिवस. दोन दिवस तो विसरला, पण तेही त्याने वहीत लिहून ठेवले आहे.