घाट उतरताना ब्रेक

आम्ही किकवीच्या बचत गटातल्या बाया माल घेऊन टेम्पोने वरंधा घाटातून महाडला उतरतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की पॅड तापतात, ती धग ब्रेक ऑइलला लागते. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं, वाफ धरते आणि पेडल नुसतंच खाली जातं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, डॉट ४ २३० पर्यंत. ओलावा धरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, झाकणावर लिहिलेलंच घाला. पॅड दोन्ही चाकांचे जोडीने बदला. उतारावर खालचा गियर ठेवा. हा खर्च गटाच्या हिशेबात आधीच धरा. गाडीत आपलीच माणसं बसतात.