डॉ. भाभांच्या निबंधांचा पुढचा प्रवास

शास्त्रज्ञाने लिहिलेला निबंध कितपत कामाला आला, हे ठरविण्याची एक रीत आता फार रूढ झाली आहे. मागाहून आलेल्या संशोधकांनी आपल्या लेखनात त्याचा निर्देश किती वेळा केला, तेवढे मोजावयाचे. फिलाडेल्फिया येथील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली अशा निर्देशांची सूची प्रसिद्ध केली आणि पुढे नेमणुका, अनुदाने व मानसन्मान यांचा निर्णय करताना त्या आकड्याचे वजन वाढत गेले. आकडा खोटा नसतो. परंतु त्याच्या मापात काय मावते आणि काय निसटते, हे डॉ. होमी भाभा यांच्या संशोधनाकडे पाहिले असता चांगले उमगते.

अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष आणि ट्रॉम्बे येथील केंद्राचे शिल्पकार म्हणून भाभांना सारा देश ओळखतो. त्या कीर्तीच्या छायेत त्यांच्यातील संशोधक काहीसा झाकला गेला. १९०९ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा १९२७ साली केंब्रिजला गेला तो इंजिनिअर होण्यासाठी. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात त्याने काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्याने परीक्षा पहिल्या वर्गात दिली आणि मग आपला हट्ट पुरा करून घेतला. १९३३ साली विश्वकिरणांवरील त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

आदल्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉनचा, म्हणजे धनविद्युत् धारण करणाऱ्या इलेक्ट्रॉनचा, शोध लागला होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले तर काय होईल? ते एकमेकांवरून विखुरले जातील, हे उघड आहे. पण दुसराही एक मार्ग संभवतो: दोघे एकमेकांचा नाश करतील आणि त्या ऊर्जेतून तशीच नवी जोडी जन्मास येईल. बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंचा परिणाम एकच दिसतो. मग गणित करताना हे दोन्ही मार्ग एकत्र धरावयास हवेत काय? हवेत, असे भाभांनी दाखविले आणि त्यामुळे पडणारा फरक प्रयोगाने पडताळता येण्याजोगा आहे, हेही दाखवून दिले. हा निबंध १९३६ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. या घटनेला आज जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणतात.

आणि येथेच मोजणीची पंचाईत होते. सूत्र पाठ्यपुस्तकात गेले की विद्यार्थी पुस्तकाचा हवाला देतो. नाव सर्वतोमुखी झाले की हवाला देण्याचीही गरज उरत नाही. ओहमच्या नियमासाठी ओहमचा मूळ ग्रंथ कोण धुंडाळतो?

१९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. वेगवान इलेक्ट्रॉनपासून गॅमा किरण, त्यापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी, त्या प्रत्येकापासून पुन्हा गॅमा किरण, अशी ती वाढती परंपरा आहे. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला. १९३९ साली भाभांनी ‘मेसोट्रॉन’ या शब्दातील अनावश्यक अक्षरे गाळून ‘मेसॉन’ म्हणावे, असे सुचविले. आज एका संपूर्ण कणकुलाला ते नाव आहे.

त्याच वर्षी ते सुट्टीवर मायदेशी आले असताना युद्ध पेटले आणि केंब्रिजची वाट बंद झाली. बंगलोरला रामन यांच्या संस्थेत त्यांनी काम मांडले. हरीशचंद्र यांच्यासारखा सहकारी तेथे लाभला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९४८ साली आयोग आला आणि संशोधनाची वही हळूहळू मिटत गेली. त्यांनी ती दुसऱ्यांच्या वह्या उघडाव्यात म्हणून मिटली, हे खरे. तरी पदार्थविज्ञानाने काही गमावले, हेही तितकेच खरे. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

१९८९ साली जिनीव्हाजवळ सर्न संस्थेचे सत्तावीस किलोमीटर परिघाचे यंत्र सुरू झाले. त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर आदळत. न्यूट्रिनो हे कण जवळजवळ कशातच अडकत नाहीत. त्यांच्या जाती किती, हे तेथे अप्रत्यक्षपणे काढावयाचे होते. त्यासाठी आधी झोत किती दाटीने एकमेकांतून जातात, हे अचूक कळावयास हवे. त्याचे माप म्हणून भाभा प्रकीर्णन घेतले गेले. अगदी लहान कोनांत विखुरणाऱ्या कणांची गणती करावयाची आणि ती सिद्धान्ताने सांगितलेल्या प्रमाणाशी ताडून पाहावयाची. २००६ साली अंतिम उत्तर प्रसिद्ध झाले: २.९८४०, अनिश्चितता ०.००८२. जाती तीन असाव्यात, मग हा आकडा तिनाहून किंचित खाली का? काहींना त्यात नव्या भौतिकीची चाहूल लागली.

यंत्र तर २००० सालीच थांबले होते. नवा प्रयोग शक्य नव्हता. २०१९ साली, एका झोताच्या आकर्षणाने दुसऱ्या झोतातून विखुरलेले कण किती वळतात, याचा हिशेब नव्याने झाला आणि २०२० साली भाभा प्रकीर्णनाचे गणितच अधिक काटेकोरपणे पुन्हा करण्यात आले. उत्तर २.९९६३ वर येऊन ठेपले.