‘उपयोग काय?’ या प्रश्नाविषयी
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या सचिवांनी मला पाठविलेल्या पत्रात ‘विज्ञान आणि नोकरीच्या संधी’ असा विषय दिला होता. तो मी त्यांच्या परवानगीने थोडा बदलून घेतला आहे. संधींची यादी वाचून दाखविण्यास माझी गरज नाही; ती आज मुलांच्या हातातल्या फोनवर मिळते. मला बोलायचे आहे ते एका प्रश्नाविषयी. कॉलेजात शिकविताना पालकांच्या तोंडून हाच प्रश्न मी सर्वांत अधिक वेळा ऐकला आहे : “सर, ह्याचा उपयोग काय?”

प्रश्न गैर नाही. ज्याने दुकानात उभे राहून, रिक्षा चालवून किंवा आखातात एकट्याने वर्षे काढून मुलांची फी भरली, त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. चुकतो तो उत्तर देणारा. आणि ही चूक मी स्वतः केलेली असल्याने प्रथम तीच सांगतो.

माझा विषय रसायनशास्त्र. पंचवीस-एक वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या वर्गातली एक मुलगी, गणिताचे सर रजेवर होते म्हणून, वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, सातच्या हिशेबात प्रत्येक आकड्याला जोडीदार सापडतो, पण बाराच्या हिशेबात सापडत नाही. असं का?” मी वही पाहिलीसुद्धा नाही. “हे परीक्षेला नाही,” एवढे बोलून मी प्रयोगशाळेत गेलो. पुढे तिचे वडील भेटले. मुलगी गणितात एम.एस्सी. करायचे म्हणते, उपयोग काय, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “बी.एड. करू द्या.” त्यांनी माझे ऐकले. ती आज शिक्षिका आहे, उत्तम शिक्षिका आहे, आणि शिक्षकी पेशाला मी कमी लेखणार नाही. जन्मभर तोच केला. पण तिने विचारले होते एक आणि मी उत्तर दिले भलत्याच प्रश्नाचे, हे मला फार उशिरा कळले.

तिच्या वहीत काय होते ते आता पाहू. आठवड्याचे वार सात. आज शुक्रवार असेल तर पंधरा दिवसांनी शनिवार, कारण दोन पूर्ण आठवडे सोडून दिले की एकच दिवस उरतो. म्हणजे सातच्या हिशेबात ३ गुणिले ५ बरोबर १. तसेच २ आणि ४ यांचा गुणाकार ८, म्हणजे १. सहाला सहानेच गुणले तर ३६, म्हणजे पुन्हा १. प्रत्येकाला जोडीदार मिळाला. आता घड्याळाचे बारा घ्या. तीनला कशानेही गुणा. ३, ६, ९ किंवा शून्य, याशिवाय काही येत नाही. एक कधीच येत नाही. कारण सात ही मूळ संख्या आहे, बारा नाही. ज्या हिशेबात शून्य सोडून प्रत्येकाला असा जोडीदार मिळतो, तेथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार ही चारही कामे निर्वेध चालतात. अशा मोजक्याच आकड्यांच्या बंदिस्त जगाला गणितात सांत क्षेत्र म्हणतात. अमूर्त बीजगणिताच्या दारातली ही पहिली पायरी.

या विषयाचा पाया एका फ्रेंच मुलाने घातला. एव्हारिस्त गॅल्वा त्याचे नाव. पॅरिसच्या नामांकित तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. १८३० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने या क्षेत्रांवरचा लेख छापला, आणि १८३२ मध्ये एका द्वंद्वयुद्धात गोळी लागून वयाच्या विसाव्या वर्षी मरण पावला. त्याचे उरलेले मुख्य कागद १८४६ साली प्रसिद्ध झाले. उपयोग काय, असे त्याला कोणी विचारले असते तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते.

त्याही आधीचे एक कोडे आहे. सहा पलटणींतून प्रत्येकी सहा हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी घ्यायचे आणि सहा रांगांच्या चौकोनात उभे करायचे. प्रत्येक उभ्या-आडव्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच आला पाहिजे. थोर गणिती ऑयलर याने १७८२ साली लिहिले की हे जमणार नाही, आणि १०, १४, १८ अशा आकड्यांनाही जमणार नाही, असा अंदाज केला. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करणाऱ्या राजचंद्र बोस यांनी गॅल्वाची क्षेत्रे वापरून असे चौकोन रचण्याची रीत १९३८ साली दिली. पण सहा किंवा दहा आकड्यांचे क्षेत्र अस्तित्वातच नसते, त्यामुळे दहाचे कोडे तसेच राहिले. १९५९ साली बोस, त्यांचे विद्यार्थी शरदचंद्र श्रीखंडे आणि अमेरिकन गणिती पार्कर या तिघांनी दुसऱ्या वाटेने जाऊन दाखविले की २ आणि ६ सोडले तर ऑयलरचा अंदाज सर्वत्र चुकीचा आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. हे श्रीखंडे म्हणजे सागरला जन्मलेले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले आपले मराठी श्रीखंडे. २०२० साली, १०२ वर्षांचे होऊन ते गेले. आपल्या किती शाळांच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे? मी तरी पाहिलेला नाही.

आता उपयोग. असे चौकोन शेतीच्या आणि औषधांच्या चाचण्यांत वापरतात. चार रोग्यांना चार औषधे चार पाळ्यांत द्यायची असतील, तर कोणाला कोणते केव्हा द्यायचे हा क्रम चौकोनातून काढता येतो. मग पाळीचा आणि रोग्याचा परिणाम औषधाच्या माथी मारला जात नाही. आणि १९६० साली त्याच बोसांनी रायचौधुरी यांच्याबरोबर त्याच क्षेत्रांतून चुका दुरुस्त करणारी एक संकेतपद्धती काढली. फ्रान्समध्ये ऑकेंगेम यांना ती वर्षभर आधी स्वतंत्रपणे सापडली होती. भाजीवाल्याच्या गाडीवर लटकणाऱ्या क्यूआर पाटीत ही पद्धत आणि तिची सख्खी बहीण, दोघी काम करतात. पाटीवर चिखल उडाला, कोपरा थोडा फाटला, तरी पैसे योग्य खात्यात जातात. त्या मुलीच्या वहीतला प्रश्न आज या सभागृहातल्या प्रत्येक खिशात आहे, आणि मी तिला म्हणालो होतो की तो परीक्षेला नाही!

येथे कोणी म्हणेल की बीजगणित तर आपलेच, अल्-ख्वारिज्मीचे. खरे आहे. नवव्या शतकातल्या बगदादमधल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल्-जब्र’ या शब्दावरूनच युरोपीय भाषांत या विषयाला नाव पडले. पण आपल्या सभांतून हे नाव घेतले की टाळ्या पडतात, आणि सभा संपल्यावर मुलगी गणित घ्यायचे म्हणाली की घरात शांतता पसरते. मला त्या टाळ्यांचा आता थोडा कंटाळा आला आहे. असो.

दुसरी गोष्ट माझ्या विषयाच्या जवळची. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडचे वैद्य आणि हकीम वेड, निद्रानाश यांवर पूर्वापार देत आले. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात युनानी औषधांचे रासायनिक संशोधन व्हावे म्हणून जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणास बोलाविले. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस वारले, पण काम थांबले नाही. १९३१ मध्ये सलीमुज्जमान आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. ते हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांत कामास आले. मनावर परिणाम करणारे मुख्य द्रव्य मात्र त्यांच्या हाती लागले नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडले, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या रसायनज्ञांनी ते द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रिसर्पिन.

रिसर्पिन घेणारे काही रोगी उदास होत, काहींच्या हालचाली मंद होत. याचे कारण स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन शोधीत होते. १९५७ साली त्यांनी सशांना रिसर्पिन दिले, तेव्हा ससे निश्चल पडले. मग डोपा नावाचे द्रव्य टोचले आणि काही वेळातच ससे उठून फिरू लागले. रिसर्पिनने मेंदूतल्या निरोप्यांची कोठारे रिकामी केली होती. डोपापासून डोपामीन बनून त्यांतले एक पुन्हा भरले. कंपवाताच्या रोग्यांत डोपामीन बनविणाऱ्या पेशीच मरत जातात, हे पुढे उघड झाले, आणि त्यांना डोपा देण्याची प्रथा त्यातूनच पडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप्या आला तरी निरोप घेणारे कोणी हवे. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे असे साचे असतात की ठराविक आकाराचा रेणूच त्यात नीट बसतो. यांना रिसेप्टर म्हणतात. अशी काहीतरी ग्रहण करणारी वस्तू असली पाहिजे हे इंग्लंडमधल्या लँग्ली यांनी १९०५ मध्येच म्हटले होते, पण मेंदूतला अफूचा रिसेप्टर प्रयोगात पकडला गेला १९७३ साली. पकडणाऱ्या कँडेस पर्ट तेव्हा स्नायडर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या संशोधक विद्यार्थिनी होत्या. दोन वर्षांनी डोपामीनच्या रिसेप्टरचीही ओळख पटली. भ्रमिष्टपणावरची औषधे या साच्याला जितकी घट्ट चिकटतात तितका त्यांचा डोस कमी पुरतो, असे तेव्हा दिसले. मनाचा आजार म्हणजे बाहेरची बाधा, असे समजून रोग्याला दाराआड ठेवणारी घरे आपल्यात अजून आहेत. त्यांच्यासाठी तरी हे विज्ञान मोहल्ल्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

तिसरी गोष्ट सदाफुलीची, जी आपल्या अंगणात कोणी न लावताही उगवते. कॅनडात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञ तिच्या पानांत मधुमेहाचे औषध शोधीत होते. ते मिळाले नाही. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टीन आणि नंतर तिचे भावंड व्हिन्क्रिस्टीन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही देतात.

पण कर्करोगी पेशी कित्येकदा औषधाला दाद देईनाशा होतात. एक ग्रॅमच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. समजा, दहा लाखांत एकच पेशी एखाद्या औषधाला पुरून उरणारी असली, तरी अशा हजार पेशी आरंभापासूनच तेथे बसलेल्या असतात. औषध बाकीच्यांना मारते आणि मैदान या हजारांना मोकळे करून देते. वेगवेगळ्या रीतीने काम करणारी औषधे एकत्र देण्यामागे हाच हिशेब आहे. क्षयाच्या रोग्याला चार-चार गोळ्या देऊन त्या मध्येच सोडू नका म्हणून डॉक्टर बजावतात, तेही याचसाठी.

चमत्कारिक गोष्ट अशी की काही पेशी एका औषधाला सरावल्या की ज्यांची गाठही पडलेली नाही अशा औषधांनाही जुमानत नाहीत. १९७६ साली टोरांटोमध्ये जुलियानो आणि लिंग यांना अशा पेशींच्या आवरणात एक प्रथिन सापडले, पी-ग्लायकोप्रोटीन. ते पंपाचे काम करते. गळक्या होडीतले पाणी तांडेल उपसतो, तसे आत शिरलेले औषध बाहेर फेकते. सदाफुलीची औषधेही त्यात जातात. आणि हाच पंप रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यावर पहारा देत असतो. १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांना गोचिडीसारखे किडे झाले म्हणून नेहमीचे कीटकनाशक औषध फवारले. एरवी उंदरांना काही होत नाही, हे मात्र मेले, कारण औषध थेट मेंदूत गेले. अपघातानेच पहारेकऱ्याची ओळख पटली.

पंप बंद पाडणारी द्रव्ये लगेच शोधली गेली. हृदयाचे औषध वेरापामिल प्रयोगशाळेत ते काम करते, हे जपानमध्ये १९८१ साली दिसले. रिसर्पिनही करते, म्हणजे हकीमसाहेबांची मुळी फिरून येथेही हजर! पण रोग्याला इतके वेरापामिल द्यायचे तर हृदयच कोलमडते, आणि पुढे मुद्दाम घडविलेली द्रव्येही मोठ्या चाचण्यांत अपेक्षेस उतरली नाहीत. तेव्हा कोणी सर्पगंधा उगाळून घेऊ नये, ती विषारी ठरू शकते. हे काम अपुरे आहे. ते कोणाच्या हातून पुरे होईल, ते आज नववी-दहावीत असतील.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बी.एस्सी. झाल्यावर मोठ्या संस्थांत एम.एस्सी.ला जाण्यासाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते; एम.एस्सी. नंतर ‘नेट’ परीक्षेत संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन मिळते. घरावर भार पडत नाही. वर्षे जातात, हे खरे. त्या वर्षांत लग्नाचे काय, हाही प्रश्न येतो, आणि मुलीच्या बाबतीत तो आधी येतो. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, पण मुलीला न विचारता ते काढू नये एवढे मी म्हणेन.

मघाशी पारितोषिकांच्या वेळी एक गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांची मुलगी बारावीला आहे, गणितात बी.एस्सी. करायचे म्हणते. त्यांनीही तेच विचारले. मी त्यांना कार्यक्रमानंतर चहाला थांबायला सांगितले आहे, आणि मुलीला वही घेऊन यायला. आमच्या त्या जुन्या विद्यार्थिनी, आताच्या गणिताच्या बाई, मागच्या रांगेत बसल्या आहेत. वही त्या पाहतील.