आधी आईचा खोकला विचारा
(आरोग्यसेविकांच्या मेळाव्यात बालरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण)



माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. धडगावकडच्या एका पाड्यावरून २६ दिवसांचे बाळ आले. दूध ओढत नव्हते, वजन जन्मापेक्षा कमी, धाप लागलेली, यकृत वाढलेले. साधा जंतुसंसर्ग समजून मी प्रतिजैविके सुरू केली. पाच दिवस उतार नाही. सहाव्या रात्री वॉर्डात आईचा खोकला ऐकू आला, तेव्हा कुठे मी विचारले. सासूबाई म्हणाल्या, मागच्या साली टीबीच्या गोळ्या चालू होत्या, ऊसतोडीला गुजरातेत गेलो आणि सुटल्या. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

आईचा बेडका सीबीनॅट यंत्रावर तपासला. दोन तासांत कळले, टीबी आहे आणि त्यावर रिफाम्पिसिन चालणार नाही. तान्हे बाळ बेडका थुंकत नाही, गिळते. म्हणून सकाळी पाजण्याआधी नळी घालून जठरातले पाणी काढतात. त्यात जंतू सापडले नाहीत. पण बाळात जंतू मुळात थोडे असतात. अहवाल निरंक आला म्हणजे आजार नाही, असे नव्हे. छातीच्या एक्स-रेत बाजरी सांडल्यासारखे ठिपके होते. मग आईच्या अहवालावरूनच बाळाची औषधे ठरवली.

पूर्वी या आजाराला महिनोन्महिने इंजेक्शने देत, त्यात काही मुलांचे कान जात. आता सगळी औषधे तोंडाने देता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बेडाक्विलिन सर्व वयाच्या मुलांसाठी खुले केले. गोळी पाण्यात विरघळवून, वजन पाहून द्यायची. बाळ वाढते तशी मात्रा बदलते, म्हणून तुमचा वजनकाटा इथे औषधाइतकाच महत्त्वाचा. मधूनमधून ईसीजी आणि रक्ततपासणी लागते.

अंगावरचे दूध तोडू नका. टीबी दुधातून जात नाही, खोकल्यातून जातो; आईने मास्क लावून पाजावे. सासूबाईंनी बकरीचे दूध ठरवूनच टाकले होते. त्यांना पटवायला मी अर्धा तास घालवला, तुमच्यातल्या एका ताईंनी पावरीत दोन मिनिटांत पटवले!

बाळ आज सात महिन्यांचे आहे, पालथे पडते. उपचार अजून चालू आहेत आणि दिवाळीनंतर घर पुन्हा ऊसतोडीला निघेल. निक्षयवर नोंद असली की औषधे तिकडच्या केंद्रातून मिळू शकतात. पण टोळी कधी निघणार, मुकादम कोण, हे तुम्हालाच आधी कळते. निघण्यापूर्वी आठ दिवस तरी मला निरोप द्या.