डेटाबेसमध्ये लाखो ओळी भरताना काय बंद करायचं आणि काय नाही

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण ज्यांच्यावर कधी मोठी सीएसव्ही फाइल डेटाबेसमध्ये भरायची वेळ आलीये, त्यांना तो जवळचा वाटेल. उदाहरण पोस्टग्रेसचं घेतोय.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या नोकरीत एका रात्री अशीच फाइल भरायची होती. माझी स्क्रिप्ट एकेक ओळ घालत बसली. जेवून आलो, तरी पाव फाइलही झाली नव्हती. मग नेटवर सल्ला सापडला, ‘एफसिंक बंद करा’. केलं. वेग खरंच वाढला! पहाटे लाइट गेली, यूपीएसनेही दगा दिला. सर्व्हर चालू झाला, पण डेटाबेस काही उठेना. माझी फाइल राहू द्या, त्याच सर्व्हरवरचा आधीचा डेटाही गेला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. पण त्या दिवसभराच्या नोंदी ऑफिसातल्या लोकांनी कागदावरून पुन्हा भरल्या, आणि मी मान खाली घालून बघत होतो.

चुकलं काय? पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितं, तिला ‘वॉल’ म्हणतात. ती नोंद खरोखर डिस्कवर उतरली का, याची खात्री एफसिंक करून घेतं. ते बंद केलं की धोका फक्त तुमच्या टेबलाला नसतो, अख्ख्या सर्व्हरला असतो.

आणि गंमत म्हणजे, त्याची गरजच नव्हती. पंगतीत वाढपी प्रत्येक पुरीसाठी स्वयंपाकघरात धावला तर काय होईल? माझी स्क्रिप्ट तेच करत होती. एक ओळ, एक कमिट, आणि दर कमिटला डिस्कची वाट बघणं. त्याला परात द्यायची! म्हणजे सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालायच्या. त्याहून बरं म्हणजे इन्सर्टऐवजी ‘कॉपी’ ही कमांड वापरायची. मध्येच चूक निघाली तर सगळं मागे जातं, अर्धवट काही उरत नाही. फाइल तुमच्या लॅपटॉपवर असेल तर पीएसक्यूएलमधली उलट्या तिरक्या रेघेची ‘कॉपी’ घ्या; साधी ‘कॉपी’ फाइल सर्व्हरच्या डिस्कवर शोधते.

दुसरी गोष्ट इंडेक्सची. टेबल नवं असेल तर आधी डेटा भरा, इंडेक्स नंतर बांधा. एकदाच सॉर्ट करणं हे दर ओळीला इंडेक्स सुधारण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्या वेळेपुरतं ‘मेंटेनन्स वर्क मेम’ वाढवा. मुळात ते फक्त 64 एमबी असतं. फॉरेन कीसुद्धा नंतर जोडा. पण टेबल वापरात असेल तर युनिक इंडेक्स काढू नका. तेवढ्यात डुप्लिकेट नोंदी घुसतात आणि नंतर इंडेक्स बनतच नाही.

तिसरी, ‘मॅक्स वॉल साइझ’. मूळ आकडा 1 जीबी. मोठ्या लोडमध्ये तो पटकन भरतो आणि चेकपॉइंट सारखे सुरू होतात. लॉगमध्ये तशी तक्रार दिसली तर हा आकडा वाढवा, डिस्कवर जागा आहे ना ते बघून.

फाइल हाताशी आहे आणि टेबल तात्पुरतंच आहे? मग ‘अनलॉग्ड’ टेबल चालेल. त्याच्या नोंदी वॉलमध्ये जात नाहीत, म्हणून ते वेगवान असतं. सर्व्हर कोसळला तर ते रिकामं होतं, पण बाकीचा डेटा शाबूत राहतो.

शेवटी ‘अ‍ॅनालाइझ’ चालवायला विसरू नका. नाहीतर क्वेरी प्लॅनर जुन्याच अंदाजावर चालतो आणि भरलेलं टेबल रडतखडत उत्तर देतं.

तर लक्षात काय ठेवायचं? कुठलीही सेटिंग बदलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: आत्ता लाइट गेली तर काय जाईल? पुन्हा भरता येणारी फाइल जाणार असेल तर खुशाल बदला. दुसऱ्यांचं काम जाणार असेल तर हात मागे घ्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घेत राहा, आणि तो उघडतो का तेही तपासा!