मालिकेचा मधला भाग
(मालिका आणि पटकथा लेखकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण, गंगापूर रोड, नाशिक)



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असा प्रघात आहे. ते मी मनापासून मानते आणि लगेच कामाला लागते. कारण निम्म्या मंडळींनी फोन मांडीवर उलटे ठेवलेले असले तरी ते थरथरताहेत, हे मला इथून दिसतंय. कुठल्यातरी सेटवर कुणीतरी पानांची वाट बघतंय.

संमेलन नाशिकला कशाला, असं मुंबईच्या काही मित्रांनी विचारलं होतं. मालिका गोरेगावला, मढला, घोडबंदर रोडला घडतात. गंगापूर रोडला फार तर धरण, द्राक्षं आणि सोमेश्वर. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, इथल्याच गोदावरी सिनेटोनमध्ये होते. 1936 च्या ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. चित्रपट चालला नाही. पडद्यासाठी लिहिणं आणि ते न चालणं, या दोन्हीची परंपरा नाशिकला जुनी आहे.

दुसरी गोष्ट वसंतराव साठे यांची. त्यांचा जन्म नाशिकचा, आणि शिक्षण काही काळ इथून जवळच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये झालं. माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना 1982 साली ते मेक्सिकोला गेले. मिगेल साबिदो नावाचा निर्माता तिथे साक्षरता आणि कुटुंबनियोजन हे विषय मालिकांत मिसळून लोकांपर्यंत नेत होता. त्या भेटीतून पुढे दूरदर्शनवर ‘हम लोग’ उभी राहिली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका 7 जुलै 1984 ला सुरू झाली आणि दीडशेहून अधिक भाग चालली. सुरुवातीचे भाग उपदेशाने जड होते, प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश आवरता घेतला गेला आणि बसेसरराम, बडकी, लल्लू यांना त्यांच्या घरात मनसोक्त भांडू दिलं. तेव्हा देश टीव्हीसमोर बसला. उपदेशासाठी प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार येतच होते. लेखकाने तो सीनमध्ये घालायची गरज नव्हती. आपल्या धंद्याचा हा पहिला धडा, आणि तो चाळीस वर्षं जुना आहे.

आता एक हिशेब मांडते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण 22 मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या आसपास. म्हणजे एकशे दहा तास. अडीच तासांचं एक नाटक धरलं तर ही चव्वेचाळीस नाटकं झाली. आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी आयुष्यभरात चाळीसच्या आसपास नाटकं लिहिली. मालिका तेवढा मजकूर एका वर्षात जेवते आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा ताट पुढे करते. 2001 साली सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’चे तर तीन हजारांवर भाग झाले.

एवढं सगळं कसलं लिहायचं? सुरुवात असते एका आठवड्याची. ती चॅनेलच्या मीटिंगमध्ये विकली जाते आणि तिच्यावर महिनाभर काथ्याकूट होतो. शेवट लेखकाच्या हातात नसतो. गुरुवारी बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आकडे येतात, ते घसरत गेले की एक दिवस फोन येतो आणि पंधरा दिवसांत सगळ्यांची लग्नं लावून, खलनायिकेला पश्चात्ताप करायला लावून दुकान बंद करावं लागतं. लेखकाचा म्हणावा असा राहतो तो मधला भाग. कथेच्या शिबिरात आरंभ शिकवतात, नाटकाच्या कार्यशाळेत शेवट शिकवतात. मधला भाग कुणी शिकवत नाही, आणि आपलं सगळं पोट त्या मधल्या भागावर आहे. मालिका लिहायला शिकणं म्हणजे हा मधला भाग लिहायला शिकणं. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगाने.

मराठीला हे नवीन नाही. पारोळ्याला जन्मलेल्या हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापली. दर आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे द्यायचाच. तिची नायिका यमू, तिच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना बोटांवर मोजता येतील. पानंच्या पानं भरली आहेत ती माहेरच्या स्वयंपाकघराने, सासरच्या टोमण्यांनी, मुंबईच्या बिऱ्हाडातल्या थोड्याशा मोकळ्या हवेने. हाच तो मधला भाग. त्याच्या जोरावर शेवटचा आघात वाचकाला सोसवत नाही. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही सांगून ठेवते; आपल्यातल्या ज्यांची मालिका अचानक बंद झाली आहे त्यांना तेवढाच आधार.

आता शिकायचं कसं. मी एक उदाहरण घेते, याच रस्त्यावरचं. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला जुना बंगला. वडील मृत्युपत्र न करता गेलेत. आई आहे, दोन मुलगे आहेत, लेक सटाण्याला दिली आहे. बिल्डर आलाय. बंगला पाडून सात मजले होणार, आणि त्यासाठी लेकीचं हक्कसोडपत्र पाहिजे. या रस्त्यावर असे बंगले आणि अशी हक्कसोडपत्रं किती असतील, तुम्हीच सांगा.

नवशिका लेखक काय करतो? दुसऱ्या भागात लेकीची सही चोरतो, तिसऱ्यात कोर्ट, चौथ्यात घाटात गाडीचे ब्रेक निकामी. दहाव्या भागाला त्याच्याजवळ स्मृतिभ्रंशाशिवाय काही शिल्लक नसतं. त्याने घटना लिहिल्या, घर लिहिलंच नाही.

मी शिकाऊ मुलांना आधी भिंतीवर एक तक्ता करायला लावते. उभ्या रांगेत माणसं. आडव्या रांगेत तीन प्रश्न: याला काय माहीत आहे, कधीपासून माहीत आहे, आणि दुसऱ्या कुणाला माहीत आहे असं याला वाटतं. वकिलाने कागद तयार केलाय, तो देवघराच्या कपाटात आहे. थोरल्याला माहीत आहे, कारण त्यानेच करून घेतला. धाकट्याला माहीत आहे, पण आईला ठाऊक नाही असं तो समजतो. आईने तो कपाट आवरताना वाचलाय आणि पुन्हा जागेवर ठेवलाय. धाकट्या सुनेने आईला तो वाचताना पाहिलंय. आणि लेक राखीपौर्णिमेला सटाण्याहून येतेय, तिला कशाचाच पत्ता नाही. बघा, अजून काहीही घडलेलं नाही आणि चहाचा एक साधा सीन लिहायला चार माणसं चार कारणांनी अवघडून बसली आहेत.

संवाद त्यानंतर. आमच्याकडे संवाद असे येतात: “ताई, तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि या बंगल्याचे आपण तिघंही वारस आहोत.” माहीतच आहे तर सांगतोस कशाला, बाबा? त्याऐवजी आईला बोलू द्या. आई म्हणते, “रविवारी टाकी धुवायला माणूस सांगितलाय.” थोरला पेपरमधून डोकं न काढता म्हणतो, “आता कशाला? चार महिन्यांसाठी?” लेक विचारते, “चार महिन्यांनी काय आहे?” कुणीच बोलत नाही. मग धाकटी सून म्हणते, “ताई, चहात साखर कमी पडली का हो?” इथे भाग थांबवा. या हुक पॉइंटला ढोल नको, वीज नको, एकाच चेहऱ्यावर तीनदा झेपावणारा कॅमेरा नको. आणि स्वयंपाकघरात भाजी परतत नुसत्या कानाने मालिका बघणाऱ्या बाईलाही तो कळतो. ती बाई आपली खरी प्रेक्षक आहे. ती पडद्याकडे बघतच नाही, ऐकते. म्हणून मालिकेच्या लेखकाने आकाशवाणीच्या श्रुतिका अभ्यासाव्यात असं माझं ठाम मत आहे. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी कुणाला दिसले नव्हते, तरी घरोघर ओळखीचे होते.

तक्ता झाला, सीन झाला, की सेटवरून निरोप येतो: थोरल्याचं काम करणारा नट नाटकाच्या दौऱ्यावर गेलाय, चार दिवस तारखा नाहीत. आणि बँकेत, म्हणजे तयार होऊन शिल्लक, भाग किती? दीड. अशा वेळी रडत बसणारा या धंद्यात टिकत नाही. थोरला नाही, तर “चार महिन्यांसाठी” हे वाक्य धाकट्याच्या तोंडून निसटू दे. त्याच्या तोंडी ते जास्तच महाग पडतं, कारण आईला माहीत नाही असं तो समजत होता. तक्ता पक्का असला की अडचणीतून कधी कधी बरा सीन निघतो. तक्ता नसला की अडचणीतून ‘लीप’, म्हणजे काही वर्षांची उडी, निघते.

कथा, पटकथा, संवाद असे आपल्याकडे तीन तुकडे झालेत आणि नव्या मुलाला बहुधा संवादाच्या दाराने आत घेतात. रात्री उशिरा सीनचा आराखडा येतो, सकाळी पानं हवी असतात. यातून हात सुटतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या आराखड्यात शब्द भरणाऱ्याला घर रचता येत नाही. मी तर उलटं सुचवीन. आधी सहा महिने फक्त वन-लाइन, म्हणजे घटनाक्रमाचा आराखडा, लिहा. एका ट्रॅकची, महिनाभराची, संवादाच्या एका ओळीशिवाय. ती वाचून घरातल्या माणसाने “मग पुढे?” विचारलं तर संवादाला हात घाला.

रिमेकबद्दल मला दरवेळी विचारतात. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली आणि मराठी घरांत वर्षानुवर्षं राहिली. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ही इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधाराने बेतलेली होती, आणि रेनॉल्ड्सही हप्त्यांनीच लिहायचा. उसनं घेऊन हात बसवायला काही हरकत नाही. हरिभाऊ पाच वर्षांत यमूपर्यंत आले. आपण कुठे आलो, हे ज्याचं त्याने बघावं.

भाषेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गावाकडची मालिका म्हटली की कोल्हापूर-सातारच्या वळणाची एक सरसकट बोली सगळ्यांच्या तोंडी कोंबली जाते. ‘रात्रीस खेळ चाले’ने 2016 साली मालवणी आणली आणि ती महाराष्ट्रभर समजली, कुणी दुभाषा मागितला नाही. मग आमच्या कसमाद्याने काय घोडं मारलंय? कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा इथली अहिराणीच्या अंगाने जाणारी मराठी, पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोली, निफाडच्या द्राक्षबागेतलं व्यापाऱ्याशी घासाघीस करतानाचं बोलणं, यांतलं पडद्यावर किती आलं? माझ्या उदाहरणातली सटाण्याची लेक माहेरी एक बोलते आणि सासरी फोनवर दुसरं. त्या एका फरकावर आठवडा निघतो.

पैशाबद्दल थोडं. भागागणिक मानधन आणि तेही नव्वद दिवसांनी, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि पटकथालेखकाचा रॉयल्टीचा हक्क असा राखला गेला की करारात सही करूनही तो सोडून देता येत नाही. किती जणांनी आपला करार या नजरेने वाचलाय? लेकीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणाऱ्या भावांचे सीन आपण रंगवून लिहितो आणि स्वतःच्या करारावर न वाचता सही करतो. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, मराठी लेखकांची ‘मानाचि’ आहे. सभासद व्हा, आणि करार त्यांच्याकडून तपासून घ्या.

शेवटी मागणं. हरिभाऊंचे हप्ते आज पुस्तकरूपात वाचता येतात. 1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ आल्या, त्यानंतर हजारो तासांचं लेखन झालं. नव्याने शिकणाऱ्याला त्यातलं एक पान तरी हातात धरून बघायला कुठे मिळतं? संहिता सेटवर सीन झाला की खुर्चीखाली जाते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे. मुक्त विद्यापीठ याच रस्त्याने पुढे गेलं की गोवर्धनला आहे. केटीएचएम महाविद्यालय याच रस्त्यावर आहे. या तिन्ही संस्थांना माझी विनंती आहे: मालिकांच्या संहितांसाठी एक कपाट द्या, आणि विद्यापीठाने मालिकालेखनाचा मराठीतला दूरशिक्षण अभ्यासक्रम आखावा, कारण सुरगाण्याच्या मुलीला गोरेगावला खोली घेऊन राहणं परवडत नाही. आणि तुम्हा लेखकांना विनंती ही की घरी माळ्यावर पडलेली संहितांची बाडं रद्दीवाल्याला देऊ नका. निर्मात्याची लेखी परवानगी घ्या आणि पुढच्या संमेलनाला ती बाडं सोबत घेऊन या. माझी बाडं मी पहिल्याच दिवशी जमा करीन.